डाव्या चाकावरची रेघ

गाडी उसळते हे मला आधी ह्यांच्या पाठीवरून कळलं. रायपूरच्या खेपेहून आले की हे आंघोळ करून सतरंजीवर पालथे पडायचे आणि म्हणायचे, "जरा दाबून दे वं." मी विटेचा तुकडा तव्यावर गरम करून, फडक्यात गुंडाळून कमरेवर फिरवत असे. आधी महिन्यातून एखाद्या वेळी लागायचा. मग प्रत्येक खेपेला लागू लागला.

हे ट्रेलर चालवतात. पुढे केबिन आणि इंजिन असतं, त्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. मागे लांबलचक सपाट गाडा जोडतात आणि त्यावर लोखंडाच्या पत्र्याचे गुंडाळे येतात, एकेक आमच्या खोलीएवढा. माल उतरला की घोडा सोडून नुसता आणता येतो. घरी येताना हे कधी कधी नुसता घोडा घेऊन येतात आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पारडीच्या मोकळ्या जागेत लावतात. आमची लेक आणि शेजारची पोरं त्याच्याभोवती पळतात.

गाडी नवी होती. मालकाने ह्यांच्यावर विश्वास टाकून दिली होती. दिवाळीनंतर पुढचे दोन टायर बदलले, त्याच आठवड्यात मागच्या स्प्रिंगचे पाटेही कसले, आणि त्यानंतर कधीतरी ती उसळायला लागली. कोणत्या दिवसापासून, ते ह्यांना नक्की सांगता येत नव्हतं. केबिन वरखाली व्हायची. ह्यांचं डोकं एकदा छताला लागलं. एका खेपेत लोखंडाला बांधलेल्या साखळ्या सैल झाल्या, तेव्हा मालक फोनवर म्हणाला, "गाडी नवी, रस्ता नवा. दोष तुझ्या पायात आहे. पुढच्या खेपेआधी ठीक नाही झाली, तर दुसरा ड्रायव्हर बसवतो. तू कन्हानकडे कोळशाच्या टिप्परवर जा."

कोळशाच्या टिप्परवर ह्यांनी लग्नाआधी दोन वर्षं काढली होती. खोकला तेव्हाचाच आहे. त्या दिवशी ह्यांनी अर्धीच भाकर खाल्ली.

तेव्हापासून आमच्या घरात भाभीचं नाव जास्त यायला लागलं. नाव म्हणजे भाभी एवढंच. भंडारा रोडवर, कापसीच्या अलीकडे, तिचं टायरचं दुकान आहे. नवरा वारला, तेव्हापासून ती स्वतःच चालवते. साडीवर पुरुषाचा फुल शर्ट घालते, बाह्या कोपरापर्यंत वर. मी तिला एकदाच लांबून पाहिलं होतं. लोखंडी सळईने ती टायरवर ठोकत होती आणि आवाजावरून हवा किती ते सांगत होती. चार ड्रायव्हर भोवती उभे राहून हसत होते. ती त्यांच्याहून मोठ्याने हसत होती.

"भाभी म्हणते, भरलेली उसळते का रिकामी उसळते, पहिले पाहा."

"भाभी म्हणते, गाडा सोडून नुसता घोडा चालवून पाहा. तरी उसळली, तर दोष मागं नाई, पुढंच हाये."

"भाभी म्हणते, सिमेंटच्या रोडवर पाहा. गुळगुळीत रोडवर उसळली म्हंजे रोडचा दोष नाई."

जेवताना ताटात भाजी आणि तोंडात भाभी. ती म्हणायची ते खरंही निघायचं. गाडा सोडला तरी उसळली. गुळगुळीत रोडवर उसळली. म्हणजे दोष घोड्यातच. एवढं तरी मला कळत होतं, आणि कळलं की राग यायचा.

मग एक दिवस हे म्हणाले, "आज भाभीले बाजूच्या सीटवर बसवलं, रिंग रोडवर चक्कर मारून आणली."

माझ्या हातात पोळी होती. ती तव्यावर जळली.

अकरा वर्षं झाली आमच्या लग्नाला. अकरा दसऱ्यांना मी ह्यांच्या गाडीच्या चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला. केबिनमध्ये कधी बसले नाही. एकदा माहेरी कुहीला जायचं होतं, गाडी त्याच बाजूने जाणार होती, तरी हे म्हणाले होते की घरची बाई बाजूला बसली की लक्ष रस्त्यावर राहत नाही, तू बसनं जा. मी ते मायेचं बोलणं समजले. बसमध्ये खिडकीशी बसून मी तेच मनात घोळवत गेले होते.

मी विचारलं, "अवो, गाडीत बाई नाई बसवत म्हणता न तुम्ही?"

हे हसले. "अवं, थे बाई कुठं हाये? मेस्तरी हाये थे!"

मी दुसरी पोळी लाटायला घेतली. मेस्तरी असते तर मीही बसले असते. मी नुसती बाई, म्हणून अकरा वर्षं खाली.

भाभीने केबिनमध्ये बसून निदान केलं की पुढचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, गेले. ते बदलले. दोन दिवस हे खूश होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा विटेचा तुकडा तव्यावर. मग ती म्हणाली केबिनखालचे रबर पाहा. तेही बदलले. गाडी तशीच. खरं लिहायचं तर मला आतून गोड वाटलं. ह्यांची पाठ दुखत होती, टिप्परवर जायची वेळ आली होती, आणि मला गोड वाटत होतं. मी देवापुढे दिवा लावला तेव्हा मागितलं ते असं होतं, की गाडीचा दोष सापडू दे, पण तिला सापडू देऊ नको.

मी फॉल-पिकोचं काम करते. चौथीनंतर शाळा सुटली, मावशीने मशीनवर बसवलं, तेव्हापासून साड्यांचे काठ माझ्या हाताखालून जातात. दिवसाला पाच-सहा साड्या. दुसरं मला काही येत नाही. चार बायका घरी आल्या की मी आत जाते. साडी घ्यायला आलेल्या बाईने भाव विचारला तरी माझा आवाज फुटत नाही, बोटं दाखवते.

एका संध्याकाळी हे खाटेवर बसून भाभीशी फोनवर बोलत होते. फोन स्पीकरवर होता. मी मशीनवर, पाठ त्यांच्याकडे.

ती म्हणाली, "भाऊ, उसळते उसळते म्हणून नाई समजत गा. ताटावर ठोकून दाखवा न, कशी उसळते थे."

ह्यांनी ताट पालथं केलं. "हे पाहा, चाळीसच्या स्पीडवर अशी." आणि बोटांनी ठोकलं. ठप, ठप, ठप. "साठवर अशी." ठपठपठपठप. "सत्तरच्या पुढं गेली का कमी होते."

"मंग ब्रेक मारल्यावर?"

"तशीच."

"काहून बाप्पा," ती म्हणाली. "आता तर मलेच समजून नाई राहिलं. उद्या या, मी अजून एकदा बसून पाहाते."

अजून एकदा बसून. माझा पाय पायट्यावरून उचलला गेला आणि मशीन थांबलं. पण कानात तो ठोका राहिला होता. तो मला ओळखीचा वाटला. माझ्या मशीनचा चामडी पट्टा जुना झाला होता, तेव्हा जोडावरचा खिळा चाकावर आला की असाच ठक व्हायचा. हळू चालवलं की हळू ठक, जोरात चालवलं की जोरात ठक. एका फेऱ्याला एक. शिलाई तेवढ्यातेवढ्यापुरती हलायची. रस्त्यातले खड्डे असे मोजून येत नाहीत. जे एका फेऱ्याला एकदा येतं, ते फिरणाऱ्या वस्तूतच असतं.

मी पाठ न वळवता म्हणाले, "चाक पाह्यलं का?"

"काय?"

"चाक. टायर."

"टायर भाभीनं स्वतः बसवले," हे म्हणाले. "तिच्या हातचं काम हाये थे. टायर सोडून बोल."

भाभी फोनवर होतीच. तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी पुन्हा पाय दिला आणि मशीनच्या आवाजात बसून राहिले. टायर सोडून बोल. मी तर अकरा वर्षांत गाडीबद्दल एवढंच बोलले होते.

सकाळी हे दाढी करत होते तेव्हा मी दळणाचा डबा काखेत घेऊन निघाले आणि गिरणीकडे न जाता मोकळ्या जागेत गेले. घोडा उभा होता. कोणी पाहत नव्हतं. आधी पुढच्या उजव्या चाकापाशी बसले. टायर चाकाच्या लोखंडी कड्यावर जिथे चढतो, तिथे टायरलाच एक बारीक उंच रेघ असते, पूर्ण गोल, साडीच्या काठाला समांतर शिलाई असते तशी. दसऱ्याला कुंकू लावताना मी ती पाहिली होती, पण कशासाठी असते हा विचार केला नव्हता. उजव्या चाकाची रेघ कड्यापासून सगळीकडे सारखी होती.

डाव्या चाकाची नव्हती.

मला मोजावंही लागलं नाही. नवीन मुलीने फॉल लावला की काठ एके ठिकाणी खाली उतरतो आणि एके ठिकाणी वर चढतो, ते मला खोलीच्या दारातून दिसतं. तरी मी बोट लावून पाहिलं. वरच्या बाजूला रेघ आणि कड्यामध्ये माझं एक बोट पूर्ण मावलं. खालच्या बाजूला नखही जाईना. टायर कड्यावर वाकडा बसला होता. एका बाजूला उंच, एका बाजूला खोल. असं चाक फिरलं की प्रत्येक फेऱ्याला एकदा उचलणारच.

मी तिथे डबा मांडीवर घेऊन बसले आणि मला एवढा आनंद झाला की लाज वाटली. दोष सापडला होता. मला सापडला होता. आणि तो तिच्या हातचा होता.

घरी आले. सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. हे चहा पीत होते. मनात आलं, आता सांगितलं तर हे म्हणतील टायर सोडून बोल. किंवा ऐकतील आणि तिला फोन लावतील, आणि ती म्हणेल, हो, मलाही तेच वाटत होतं. मग ते तिचंच होईल. मला ते तिच्यासमोर सांगायचं होतं. ती पडलेली पाहायची होती.

"मीही येते दुकानात," मी म्हणाले.

ह्यांनी कप खाली ठेवला. "तू? कायले?"

"पाहाले."

"बरं. मी घोडा घेऊन होतो पुढं, तू ये मागून." तेव्हाही केबिनमध्ये बस म्हणाले नाहीत. मी उन्हातून पंधरा मिनिटं चालत गेले. वाटेत मी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं.

दुकानात सहा-सात माणसं होती. भाभी एका चाकावर पाय ठेवून उभी होती. मला पाहून म्हणाली, "या वं ताई, या. वहिनी पहिल्यांदाच आली गा आपल्या दुकानात! बसाले स्टूल द्या कोणी." सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटेत ठरवलेलं सगळं गेलं. मी स्टूलावर न बसता सरळ घोड्याच्या डाव्या चाकापाशी गेले आणि खाली बसले. दुसरं काय करावं ते सुचेना. बोट त्या फटीत घातलं आणि तसंच ठेवलं.

"काय मोजून राहिली वं?" भाभी आली.

मी म्हणाले, "काठ वरखाली हाये."

एवढंच आलं तोंडातून. काठ. टायरला काठ म्हणाले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. "वहिनी, साडी नाई थे!"

हे म्हणाले, "अवं उठ तिथून."

भाभी हसली नाही. माझ्या शेजारी उकिडवी बसली, अंगठा रेघेवरून गोल फिरवत नेला आणि खालच्या बाजूला आल्यावर थांबली. पुन्हा एकदा फिरवला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आता तिचं तोंड उतरेल, आता ती काहीतरी सबब सांगेल, असं वाटत होतं.

ती उभी राहिली आणि दुकानभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊ, माही चूक हाये. माहीच. त्या दिवशी साबणपाणी संपलं होतं, मी टायर कोरडाच चढवला. हवा भरल्यावर सारखा बसला का नाई, पाह्यलंच नाई. अन् तुमच्याकडून शॉकअप बदलवून राहिली मी, बह्याड!" मग त्या हसणाऱ्या माणसाकडे वळून म्हणाली, "तू कायले हसतं रे? तुले दिसलं होतं का? मले नाई दिसलं, तिले दिसलं."

एवढ्या माणसांसमोर. एकदाही अडखळली नाही.

तिने स्वतः चाक काढलं. हवा सोडली, पहारीने टायर कड्यावरून सोडवला, कडं घासलं, फडक्याने साबणाचं पाणी फिरवलं आणि टायर पुन्हा बसवला. हवा भरताना तो दोनदा फट्ट वाजला आणि जागेवर गेला. "आता तू मोज ताई," म्हणाली. मी चार ठिकाणी बोट लावलं. चारही ठिकाणी सारखं. मी मान हलवली.

चक्कर मारून पाहायची होती. हे सवयीने म्हणाले, "चला भाभी."

"मले काय दाखवता? जिनं शोधलं तिले बसवा."

तर मी त्या सीटवर बसले ती अशी. ह्यांनी बोलावून नाही, तिने सांगून. पायरी उंच होती, साडी अडकली, तेव्हा खालून तिनेच हात देऊन मला वर ढकललं. तिच्या हाताचा काळा ठसा माझ्या पदराखाली उमटला. तो दोनदा धुतला, फिका झाला, गेला नाही.

रिंग रोड उंचावरून वेगळा दिसतो. मोटरसायकली किड्यांसारख्या. मी एका हाताने दांडी धरून बसले होते. चाळीस झाले, पन्नास झाले. साठला हे श्वास रोखून थांबले. काही नाही. गाडी पाण्यावरून जावी तशी जात होती. ह्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली आणि इतके हसले की मलाही हसू आलं.

"तुले दिसलं कसं वं?"

"फॉल लावते न मी," मी म्हणाले.

"हौ," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण भाभीचं मन मोठं हाये, हां. एवढ्या लोकांत चूक कबूल कराले जिगर लागते."

मी रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता एकदा उसळावी. एकदाच.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. हे मोठ्या आवाजात म्हणाले, "शेठ, गाडी ठीक झाली! टायर वाकडा बसला होता."

"मी तर म्हणत होतो तुझ्या पायात दोष आहे. कोणी शोधून काढला रे?"

"टायरवाल्या भाभीच्या दुकानात सापडला, शेठ."

हे खोटं नव्हतं. दुकानातच सापडला म्हणा. फोन आमच्या दोघांच्या मध्ये, काचेजवळ अडकवलेला होता. मी तोंड उघडलं असतं तर मालकाला ऐकू गेलं असतं. तीन शब्द पुरले असते. तिने दुकानभर माणसांसमोर स्वतःची चूक सांगितली, आणि मला एका फोनसमोर स्वतःचं काम सांगता आलं नाही. मालक दुसरं काही बोलला, हे हो हो म्हणाले आणि फोन संपला.

आता गाडी ह्यांच्याकडेच आहे. पाठ बरी आहे, विटेचा तुकडा अंगणात पडला आहे. त्या दिवसानंतर मी केबिनमध्ये बसले नाही. हे म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून तीन दिवस बसून हे लिहिलं. वाकडा टायर मी शोधला. कुठेतरी लिहिलेलं असावं.

काल भाभीचा फोन आला होता. हे बोलले आणि मग फोन माझ्याकडे धरून म्हणाले, "तुह्याशी बोलाचं म्हणून राहिली. दोन साड्या हायेत म्हणते, फॉल लावाच्या. दुसऱ्या कोणाजवळ नाई देत म्हणते."

मी नाही म्हणून मान हलवली आणि हळूच सांगितलं, हाताला काम आहे म्हणा.

हाताला काही काम नव्हतं.